मूळ कुठलं?

माझ्या धाकट्या बहिणीच्या छातीतली गाठ बोराएवढी. ती काढली, तपासायला गेली आणि रिपोर्ट आला तो भलताच. पेशी स्तनाच्या वाटत नाहीत, गळ्यातल्या थायरॉइडच्या कॅन्सरसारख्या दिसतात. म्हणजे कॅन्सर गळ्यात सुरू होऊन छातीपर्यंत पसरला असावा, असं सर्जन म्हणाले. ‘पसरला’ हा शब्द मी त्यांना पुन्हा म्हणायला लावला.

मग गळ्याची सोनोग्राफी झाली. तिथे एक बारीकशी गाठ दिसली. सुई घालून तपासली तरी नक्की काही कळेना, पण सर्जनना चोर मुद्देमालासकट सापडल्यासारखं झालं. अख्खी ग्रंथीच काढायचं ठरलं. धाकटी म्हणाली, बघ ताई, बिऱ्हाड कुठून कुठे हललंय. तिला अशा वेळीही थट्टा सुचते. मला तिचा रागच आला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट बाईंनी आम्हाला लॅबमध्ये बोलावलं. पहिला रिपोर्ट त्यांच्या गळी उतरत नव्हता. स्तनाचाच एक अगदी दुर्मीळ कॅन्सर हुबेहूब थायरॉइडसारखा दिसतो, असं त्या सांगू लागल्या. फक्त त्यात पेशीचं केंद्रक तळाशी असायचं ते वरच्या टोकाला सरकलेलं असतं, पायथ्याशी उशी घेऊन झोपावं तसं. इथे त्यांना तसं दिसत होतं. खात्रीसाठी त्यांनी त्या पेशींना खास रंग लावले होते. थायरॉइडचा रंग चढला तर पसरलेला. स्तनाचा चढला तर तो तिथलाच, सहसा हळू वाढणारा, आणि गाठ तर काढून झालेली.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. देवा, स्तनाचाच कॅन्सर असू दे, असं मी पुटपुटत होते. असलं मागणं कुणी मागतं का? धाकटीची थट्टा केव्हाच आटली होती.

बऱ्याच वेळाने बाई आल्या.

“स्तनाचाच आहे. गळ्यातली गाठ वेगळी, तिच्यावर नुसती नजर ठेवू. उद्याचं ऑपरेशन थांबवायला सांगितलंय.”

धाकटी हसली, रडली आणि त्याच भरात तिने आईला फोन लावला. आईला आम्ही आजवर साधी गाठ आहे एवढंच सांगत आलो होतो.

“आई, स्तनाचाच कॅन्सर आहे गं!”

“कसला कॅन्सर?” आईने विचारलं. धाकटीचं हसू हळूहळू विरलं.

“ताई, तू सांग तिला,” ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.