बाईंचा हुंकार

“पट्टी आधी सरकव, डोळे मागून येतील. आणि चौकटीतली ठळक ओळ सगळ्यात शेवटी, बोट ठेवून वाच. मोठ्या अक्षरावर कुणी संशय घेत नाही, म्हणून चूक तिथेच पाय पसरून बसते.”

तीन वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्याच सकाळी थोरल्या बाईंनी तिला हे सांगितलं होतं. त्याच सकाळी एक शब्दही घेतला होता: आपल्या हातून सुटलेली चूक आपणच जाऊन सांगायची, दुसऱ्या कुणाला सापडायची वाट पाहायची नाही. ती चटकन हो म्हणाली होती. पहिल्या दिवशी माणूस कशालाही हो म्हणतो.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर औषधांच्या खोक्यांत घालायची माहितीपत्रकं तपासली जात. पद्धत जुनीच होती. एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं छापील नमुन्यावर पट्टी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची. बाई वाचत, ती पाही. चूक अशी अलगद उचलून काढी की खालच्या मशीनवाल्या काकांनी तिचं नाव चिमटी ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

मग बाईंचे डोळे थकले. ऑपरेशन ठरलं, आणि त्या परत कामावर येणार नाहीत हेही ठरलं. त्यांची कायमची खुर्ची रिकामी झाली. चिमटी अजून कंत्राटावर होती. दर सहा महिन्यांनी नवा करार हाती पडेपर्यंत काम राहील की नाही, हे तिला ठाऊक नसे. साहेबांनी भिंतीवर फळा लावला. सापडलेल्या प्रत्येक चुकीला एक रेघ, महिनाअखेर ज्याच्या रेघा जास्त त्याला ती खुर्ची. सुटलेली एक चूक जरी पुढे आली, तरी नाव पुसलं जाईल.

आता वाचणारं कुणी नव्हतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून चिमटी एकटीच बघे. फळा बरोबर तिच्या समोर. दोन ओळी झाल्या की नजर फळ्यावर, पुन्हा कागदावर, पुन्हा फळ्यावर. इतकं जीव तोडून तिनं कधीच काम केलं नव्हतं. दात आवळून आवळून जबडा दुखायला लागला. स्वल्पविरामाच्या जागेत केसभर फरक दिसला तरी ती लाल खूण करी. पलीकडच्या टेबलावरचे मास्तर तिच्यापेक्षा सहा रेघांनी मागे होते. ते म्हणाले, “चिमटे, डबा तरी उघड. चुका काही पळून जात नाहीत.” ती हसली, पण डबा तसाच घरी गेला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी ती बाईंकडे गेली. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. निकाल उद्या होता. चिमटीनं मन मोकळं केलं: रेघा वाढतायत, पण काम पूर्वीसारखं होत नाही, पूर्वी पान कधी संपलं ते कळायचंही नाही, आता प्रत्येक ओळ डोंगर वाटते.

बाई म्हणाल्या, की बसून बसून त्यांना कंटाळा आलाय, पिशवीत एखादं पत्रक असेल तर वाचून दाखव. पत्रकं होतीच, शुक्रवारी तिनं पास केलेली. ती वाचत गेली, आणि जिथं चूक सापडली होती तिथं थांबून सांगत गेली. पहिल्या चुकीला बाईंच्या घशातून हलकेच आलं, “हं.” दुसरीला पुन्हा. चौथ्या-पाचव्या हुंकाराला चिमटीच्या लक्षात आलं की आपला जबडा सैल झालाय, आणि आवाज आपोआप सावकाश चाललाय.

“बाई, तुम्ही नेहमी असं करायचात?”

“कसं?”

“चूक सापडली की हं म्हणायचात.”

“मी? छे गं. वाचता वाचता हं कोण म्हणेल?”

चिमटीला हसू आलं. तीन वर्षं एक देत होती, दुसरी घेत होती, आणि दोघींनाही पत्ता नव्हता. त्या एवढ्याशा आवाजावर तिची हजारो पानं निघाली होती. फळ्यावरची रेघ मात्र तिला चांगली दिसायची, आणि दिसायची म्हणूनच नजर कागदावर टिकत नव्हती.

तिनं दुसरं पत्रक काढलं. यात चौदा चुका सापडल्या होत्या, महिन्यातल्या सगळ्यांत जास्त. ती वरपासून वाचू लागली. चौकटीत ठळक अक्षरांत होतं, दर २ तासांनी एक गोळी. मग लहान अक्षरांतला मजकूर आला: दिवसभरात दोनपेक्षा जास्त गोळ्या घेऊ नयेत. इथं स्वल्पविरामाची एक चूक सापडली होती, ती तिनं थांबून सांगितली.

हुंकार आला नाही. बाईंनी मान तिच्याकडे वळवली.

“चौकट पुन्हा वाच.”

चिमटीनं बोट ठेवलं. दर २ तासांनी. दिवसाला दोनच गोळ्या, म्हणजे ते १२ हवं; पुढचा १ छपाईत गळला होता. चौदा बारीकसारीक चुका वेचताना ही सगळ्यांत मोठी ओळ तिनं पाहिलीच नव्हती. चौदा रेघांच्या आनंदात नजर थेट खाली उतरली होती.

पत्रक आज रविवारीच चार वाजता मशीनवर चढणार होतं. घड्याळात तीनला दहा कमी होते. पुढच्या खोक्यांत ते जाईल, आणि कुणीतरी दर दोन तासांनी गोळी घेईल. आज ती बोलली तर उद्या फळ्यावर मास्तरांचं नाव राहील.

बाईंनी पहिल्या सकाळी घेतलेल्या शब्दाची आठवण करून दिली नाही. फक्त चाचपडत हात पुढे केला आणि तिच्या मांडीवरची पिशवी नीट केली.

“चहा राहू दे बाई,” चिमटी म्हणाली. “काका मशीन सुरू करायच्या आत पोचते.”

तिनं पत्रक घडी न करता हातातच धरलं, चपला पायात सरकवल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.