आधी चालवून दाखवा

"सर्वांत स्वस्त म्हणून मागच्या खेपेला संगणक घेतले. आज त्यांच्यावर प्लॅस्टिकची खोळ आहे आणि खोळीवर धूळ. त्यांना मराठीच येत नाही!" सांगलीतल्या खरेदी समितीपुढे चारुशीला बोलत होती. १९९७ साली जिल्ह्याच्या संगणकांची जबाबदारी तिच्याकडे आली होती. यापुढे कंपन्यांनी आधी जिल्ह्याच्या टोकाला, आटपाडीला यंत्र चालवून दाखवावं आणि काम होईल तसे पैसे घ्यावेत, असा तिचा आग्रह होता.

"अहो बाई, नियमात फक्त दर बघतात," अध्यक्ष देवदत्तसाहेब म्हणाले. "एवढ्या लांब कोण येणार?"

"आत्ता जो येत नाही, तो बिघाड झाल्यावर येईल का?"

साहेबांनी प्रस्ताव पुढे पाठवला. पण मंजुरी वरून हवी होती. चारुशीलाने मंत्रालयात हेलपाटे घातले, बोलणी खाल्ली, आणि मंजुरी आणलीच.

एप्रिलात आटपाडीच्या कचेरीत चाचणी ठरली. एका गावच्या जमिनीच्या नोंदी कंपन्यांना आधीच दिल्या होत्या. त्याच गावच्या हरणाबाई सातबारा मागायला पुढे झाल्या. जन्म मेंढरांमागे गेलेला. साक्षरता वर्गात नुकत्याच वाचायला शिकलेल्या.

सर्वांत कमी दराच्या कंपनीचा कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरला. "आवं, ह्यात माझं नाव कुटं हाय? नुसत्या चौकटीच हायत की!"

मग सांगलीच्या एका छोट्या कंपनीच्या निमिषची पाळी आली. त्याने काम सुरू केलं आणि वीज गेली. पंखे थांबले. पण निमिषने बॅटरी जोडून ठेवली होती. पडदा उजळच राहिला. छपाईयंत्र करकरलं, कागद बाहेर आला.

हरणाबाई अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागल्या. "ह-र-णा-बाई... अर्जुना..." आणि पदर तोंडाला लावला. "अगं बया! मालकांचं नाव घेतलं की मी!"

सगळी कचेरी हसली. देवदत्तसाहेब मात्र उठून चारुशीलाजवळ आले. "बाई, तुमचंच खरं. यापुढे जिल्ह्यात हाच नियम."

वर्षाच्या आत साताऱ्याहून बोलावणं आलं. तिथल्या समितीने विचारलं, "आमची चाचणी कुठे ठेवावी?"

"महाबळेश्वरला, भर पावसात," चारुशीला म्हणाली.

समितीने तिथल्या तिथे जुलैची तारीख ठरवली.