टोपीखालचे कान

बाबांच्या नावानं पुन्हा एक पुडकं आलं, तेव्हा त्यांचा मुलगा दाराशीच उभा होता. पुडकं मुठीत मावेल एवढं. त्यानं ते कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"दे इकडे," बाबा मागून म्हणाले. "माझं आहे."

"काय मागवलंत?"

"असंच. किरकोळ."

बाबा पुडकं घेऊन खोलीत गेले. आतून कडी लागली.

वाचकहो, हा मुलगा काही वाईट नव्हता. तो विमा कंपनीत कामाला होता. कुणाचं दुकान जळतं, कुणाची गाडी धडकते, मग लोक भरपाई मागतात. त्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे शोधायचं त्याचं काम. ऑफिसात त्याला सगळे 'चाळणी' म्हणायचे आणि तो ते कौतुक समजायचा. अडचण एवढीच होती की संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा ती चाळणीही बरोबर यायची.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. सुरुवातीला बाबा नुसते खुर्चीत बसून असत. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. तेव्हा मुलाला त्यांची काळजी वाटे. पुढे ते जरा सावरले आणि काळजीच्या जागी संशय आला. कारण बाबा आता घरातही टोपी घालत होते. लोकरीची, कान झाकणारी, भर उकाड्यात! अंघोळ झाली की दार बंद करून बराच वेळ आत बसत. न्हाणीघरातली तेलाची बाटली त्यांच्या खोलीत गेली होती. आईचा हातआरसाही गेला होता.

"तेल, आरसा, बंद दार, पुडकी," मुलगा बायकोला म्हणाला. ती ओट्याशी भांडी पुसत होती. "तूच सांग, याचा अर्थ काय?"

"अर्थ असा की बाबा केसांना तेल लावतात."

"त्यांना केस आहेत कुठे?"

"मग उगवायचं औषध मागवत असतील. बाटली जपून ठेवा, तुम्हालाही लागेल लवकरच."

"थट्टा नको. मला वाटतं, कुणीतरी बाई आहे."

सुनेनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "असली तर असली. त्यांनी काय भिंतींशी बोलायचं?"

"उद्या घर तिच्या नावावर झालं म्हणजे कळेल तुला."

"अहो, चपला बाहेर काढता ना, तसं ते ऑफिसही बाहेर काढून येत जा."

पण चाळणी एकदा हलायला लागली की थांबत नाही. एके दिवशी बाबा फोनवर बोलत होते आणि मुलगा दाराला कान लावून उभा होता. "हो, आज नाही घातलं. दुखत होतं जरा. छे छे, घाई कशाला? तुम्ही सांगाल तसं. आता तुमच्याशिवाय कुणाला विचारणार मी?"

झालं! बाबा फिरायला बाहेर पडले तसा तो त्यांच्या खोलीत शिरला आणि आईचं कपाट उघडलं. साड्या जागच्या जागी होत्या. लाकडी डबी मात्र नव्हती.

त्या डबीत आईच्या कानांतल्या गुंड्या असत. आईच्या कानांच्या पाळ्यांना चांगली मोठी भोकं होती, बोट जाईल एवढी. लग्नाआधीच तिनं ती हळूहळू मोठी केली होती. आधी काडीएवढी गुंडी, मग पेन्सिलीएवढी, मग त्याहून जाड. सगळे जोड तिनं डबीत जपून ठेवले होते. शेवटचा जोड काळपट लाकडाचा, गुळगुळीत. लहानपणी मुलगा आईच्या मांडीवर बसून त्या गुंडीवर टिचकी मारायचा आणि आई "कोण आहे?" असं विचारायची. तीच डबी नाहीशी झाली होती.

"दिली तिला!" तो बायकोला म्हणाला. "आईच्या वस्तू दिल्या!"

"अहो, त्या गुंड्या कुणाच्या कानांत बसणार आहेत? तेवढी भोकं कुणाला असतात?"

याचं उत्तर त्याला सुट्टीच्या दिवशी मिळालं. तो बाबांच्या मागे मागे गेला. बाबा रस्ता ओलांडून खोट्या दागिन्यांच्या एका दुकानात शिरले. गल्ल्यावर पन्नाशीची एक बाई होती. मुलानं समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. त्या बाईच्या कानांच्या पाळ्यांना भोकं होती, आईच्या होती तशीच, बोट जाईल एवढी! ती बाबांकडे बघून हसली. तिनं त्यांच्या हातात एक पुडी ठेवली. मग त्यांची टोपी जरा वर करून पाहिली आणि पुन्हा नीट खाली ओढली.

मुलगा तिथूनच परतला.

"पुरावा मिळाला," त्यानं बायकोला सांगितलं.

"आत का नाही गेलात? विचारायचं ना सरळ."

"चोराला कुणी विचारतं का?"

"ते चोर नाहीत. तुमचे वडील आहेत."

हे त्याला ऐकू आलं, पण आत पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि बाबांच्या दाराची आतली कडी काढून टाकली. "तुमच्या भल्यासाठीच हो. आत पडलात बिडलात तर दार फोडत बसायचं का?"

बाबांनी दाराच्या फळीवर उरलेल्या स्क्रूच्या भोकांकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले.

मग मुलगा वेळीअवेळी आत डोकवायला लागला. कधी "चार्जर आहे का?" कधी "खिडकी लावली का?" प्रत्येक वेळी बाबा काहीतरी उशीखाली सरकवत आणि टोपी खाली ओढत. त्यामुळे त्याचा संशय आणखी पक्का होई. आपण त्यांना शांत बसूच देत नाही, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

एका सकाळी आतून दबलेलं ओरडणं ऐकू आलं. त्यानं दार ढकललं. बाबा पलंगाच्या काठावर बसले होते. टोपी जमिनीवर. एका हातात आईचा आरसा. दुसऱ्या हाताची बोटं तेलानं आणि रक्तानं माखलेली. डाव्या कानाच्या पाळीत आईची जाड लाकडी गुंडी अर्धवट घुसून अडकली होती. पाळी सुजून लालभडक झाली होती आणि रक्त मानेवरून सदऱ्यात उतरत होतं.

"बाबा! हे काय केलंत!"

बाबांनी पहिल्यांदा काय केलं असेल? कान धरला नाही. ते वाकून टोपी शोधायला लागले. आपल्या मुलापासून लपण्यासाठी म्हातारा माणूस रक्ताळलेल्या हातानं जमिनीवर टोपी चाचपत होता!

सून धावत आली. तिनं आधी हात साबणानं धुतले. "कुणाला विचारत होतात तुम्ही बाबा? नंबर द्या." तिनं फोन लावला. पलीकडून दुकानवाल्या बाईचा आवाज आला, "पुढे ढकलायची नाही बरं का. तेल सोडा आणि हलक्या हातानं मागे ओढून काढा. मग मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि थेट दवाखान्यात जा. पाळी फाटली असेल तर ते काम डॉक्टरांचं. आणि त्यांना माझ्याकडे घेऊन या, मला त्यांना दोन शब्द ऐकवायचेत."

दवाखान्याच्या बाकावर तिघं नंबर यायची वाट बघत बसले. बाबांच्या कानावर कापडाची घडी होती. मुलानं विचारलं, "का, बाबा?" हा प्रश्न त्यानं चाळणी बाजूला ठेवून विचारला होता. बहुतेक पहिल्यांदाच.

बाबा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "डबी उघडली एक दिवस. एका गुंडीला चीर गेली होती. लाकूड आहे ते. कानात असलं की अंगाचं तेल मिळतं त्याला. डबीत पडून सुकायला लागलं. तिची बोटं आखडली होती ना शेवटी, तर मीच लावायचो तिच्या पाळ्यांना तेल, रोज. ती गेली आणि सकाळी हाताला कामच राहिलं नाही. म्हटलं, माझेही कान लहानपणी टोचलेले आहेत. भोकं बारीक का होईना, आहेत. आपणच घालू."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. चांगलं जमल्यावर. आधी सांगितलं असतं तर तू हसला असतास. नंतर तू मागे मागे यायला लागलास. दुकानासमोर उभा होतास ना? दिसलास मला." "मग कडी गेली. दुकानातल्या ताईंनी सांगितलं होतं, एक माप बसलं की महिना-दोन महिने थांबायचं, दुखलं तर थांबायचंच. पण मला वाटलं, तू कधीही दार उघडशील आणि डबी घेऊन जाशील. म्हणून मधली मापं सोडली."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी जखम साफ केली. थोडक्यात निभावलं, म्हणाले, पाळी पूर्ण फाटली नाही. तिथून तिघं दुकानात गेले. बाईंनी गल्ला सोडला, कापसाखालचा कान निरखून पाहिला आणि बाबांना फैलावर घेतलं.

"मी काय सांगितलं होतं? लाकूड ओल्या जखमेला लावायचं नाही, आधी चांगल्या स्टीलची किंवा काचेची गुंडी. मधलं माप गाळायचं नाही. म्हणून तर पुडीतून एकेक माप देत होते, काही घरी पाठवत होते. शहाणी माणसं तुम्ही!"

"चुकलं, ताई."

"आणि हे कोण? मुलगा का?"

"हो," सून म्हणाली. "यांना वाटत होतं, तुम्ही माझ्या सासूबाई होणार."

मग बाईच आधी हसल्या. "नको गं बाई! एकच नवरा केला, त्यातच हौस फिटली." बाबाही हसले आणि कान दुखला म्हणून लगेच कण्हले. मुलगा मात्र कानशिलापर्यंत लाल झाला.

बाई गंभीर झाल्या. त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, घरच्या घरी कान मोठे करणारी पुष्कळ माणसं येतात माझ्याकडे. कुणाचं बिघडतं ठाऊक आहे? चोरून करणाऱ्यांचं. जो उघड करतो तो विचारतो, थांबतो, सुजलं तर दाखवायला येतो. जो लपून करतो त्याला घाई असते. कुणी बघायच्या आत उरकायचं असतं त्याला. तुमच्या वडलांचा हात चांगला आहे. इतके महिने एकदाही रक्त आलं नव्हतं."

"आणि माणूस चोरून का करतो?" सून म्हणाली. "घरात कुणीतरी टपून बसलेलं असतं म्हणून."

"पण मी काळजीपोटीच..." मुलगा म्हणाला.

"काळजी होती तर विचारायचं होतं!" सुनेचा आवाज चढला. "काळजी करणारा दारावर टकटक करतो. तुम्ही कडी काढलीत! म्हाताऱ्या माणसाचं काय उरतं हो घरात? एक खोली आणि तिच्या आतली दोन-चार गुपितं. तीही आपण तपासायची?"

ऑफिसात मुलानं कितीतरी खोटे दावे पकडले होते. पण या दाव्यात खोटं काहीच नव्हतं. एक माणूस आपल्या गेलेल्या बायकोची आठवण सुकू नये म्हणून धडपडत होता, आणि त्याच्या पोरानं त्याच्यावर पाळत ठेवली होती! तो बाबांच्या पायाशी स्टुलावर बसला. "बाबा, माझं चुकलं," तो म्हणाला. आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच तो सगळ्यांसमोर रडला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "अरे, हळू. कानाला धक्का लागेल," ते म्हणाले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

त्याच संध्याकाळी कडी परत बसली. कान भरून यायला बराच काळ गेला. मग पुन्हा सगळ्यात बारीक गुंडीपासून सुरुवात झाली. या वेळी आरसा धरायला सून असे आणि मीठ-पाणी कोमट करून मुलगा आणे. दुखलं की थांबायचं, हा नियम घरातल्या तिघांनाही पाठ झाला. टोपी धुऊन कपाटात गेली.

पुढे बऱ्याच महिन्यांनी विमा कंपनीत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी जेवण होतं. बाबा नवा सदरा घालून आले. कानांत काळपट लाकडाच्या गुंड्या, तेलानं चमकणाऱ्या. लोक वळून वळून बघत होते. साहेबांनी मुलाला बाजूला घेतलं आणि कुजबुजत विचारलं, "काय रे चाळणी, वडील ठीक आहेत ना? डोक्यानं वगैरे? या वयात हे काय काढलंय?"

"सर, ते समोरच उभे आहेत," मुलगा म्हणाला. "त्यांनाच विचारा ना. चांगलं सांगतात ते."

साहेब बिचकले, पण गेले. त्यांनी विचारलं. बाबांनी सांगायला सुरुवात केली, लग्नाच्याही आधीपासून. साहेबांच्या ताटातलं जेवण निवून गेलं तरी ते तिथंच उभे होते. मुलगा जरा लांबून बघत होता. आईच्या लग्नाआधीची ती हकीकत त्यानंही कधी ऐकली नव्हती. तो आपलं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

बंधूंनो, भगिनींनो, कुणाला कान मोठे करायचे असतील तर त्यांनी ते सावकाश करावेत, स्वच्छ हातानं करावेत आणि जाणत्याला विचारून करावेत. पण त्याहून मोठी गोष्ट आपण बाकीच्यांनी शिकायची आहे. आपल्या घरात कुणी दार लावून बसत असेल तर दाराला कान लावू नका. त्याच्या मागे मागे जाऊ नका. पाळत ठेवली की माणूस लपतो आणि लपून केलेल्या कामात घात होतो. दारावर टकटक करा आणि विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत, आणि पुष्कळ वेळा आतला माणूस कुणीतरी विचारावं म्हणूनच थांबलेला असतो.