फक्त रहिवाशांसाठी

मी लिफ्ट बोलतेय, बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या एका उंच इमारतीतली. मला आरसा आहे, पंखा आहे आणि दाराशेजारी पाटी आहे: ‘फक्त रहिवाशांसाठी’. बाजूलाच माझी बहीण, सर्व्हिस लिफ्ट. कचरा, सामान, कुत्री आणि कामाच्या बायका तिच्यातून जातात. एकाच कारखान्यात जन्मलो, एकाच ट्रकमधून आलो, तरी हा भेदभाव! मला कुणी विचारलं होतं का?

गोजराबाई मला रोज पुसायची. आत यायची ती फडकं घेऊन आणि पुसून झालं की बाहेर. माझ्यातून वरखाली ती कधीच गेली नाही. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, सफाईचंच काम करणारं. नवव्या मजल्यावरची सुखदा पुण्याहून राहायला आली, तेव्हा गोजराबाईचं मराठी ऐकून तिला केवढा आनंद झाला!

“अगंबाई, तुम्ही मराठी?”

“हां अक्का, घरात हेच बोलतो. बाहेर कन्नड.”

मग दोघी माझ्या दारात उभ्या राहून बोलायच्या. एकदा गोजराबाई म्हणाली, “पणज्याच्या वेळेला इथं प्लेग आला. मोठ्या लोकांना नव्या वस्त्या बांधल्या, रुंद रस्ते, गटारं. आम्हाला ती गटारं साफ करायला ठेवलं. आमच्या गल्लीत अजून गटार नाही बघा. पाऊस आला की घाण घरात. पोरं सारखी आजारी. मला पण आता स्वल्प चाललं की दम लागतो.”

“डॉक्टरांना दाखवा ना!”

“सरकारी दवाखान्यात दिवसभर रांग, अक्का. काम कोण करणार?”

सुखदा हळहळली. अगदी मनापासून, खोटं कशाला बोलू!

आणि मग तो दिवस आला. नवव्या मजल्यावर पुसताना गोजराबाई छाती धरून खाली बसली. सुखदा धावत आली, तिला उठवलं, खांद्याचा आधार दिला. दोघी आल्या त्या माझ्या बहिणीच्या दाराशी. बहीण खाली अडकलेली, कुणाचं तरी कपाट चढवत होते तिच्यात.

तेवढ्यात मी वर आले. माझ्यातून सोसायटीचे सेक्रेटरी पद्मनाभ उतरले.

“काय झालं?”

“यांच्या छातीत दुखतंय हो!”

“अरे देवा!” त्यांनी लगेच वॉचमनला फोन लावला, “सर्व्हिस लिफ्ट रिकामी कर, लवकर!”

मी त्यांच्या शेजारी दार उघडून उभी. रिकामी! माझा जीव नुसता तळमळत होता. अहो, इकडे बघा ना! पण तिघांच्याही नजरा त्या दुसऱ्या दारावर. गोजराबाईचीसुद्धा. शेवटी माझं दार मिटलं.

बहीण आली, पण फार उशिरा. गोजराबाई वाटेतच गेली. दवाखान्यात म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

काही दिवसांनी तिची मुलगी रक्षिता आईच्या चपला आणि डबा न्यायला आली. सुखदा तिला सोडायला निघाली, माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, “ये, यातूनच जाऊ.”

पोरगी आत आली नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“अक्का, त्या दिवशी ही बंद होती का?”

सुखदाला रडू फुटलं.

बंद नव्हते गं पोरी. सताड उघडी होते. ‘आत या’ एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं.