मर्यादवेलीला लेंडीखत

प्रांजलची आई भाद्रपदात वारली. दिवसकार्य आटोपून देवगडहून कुपवाडला परतताना प्रांजलनं आईनं दारच्या वाळूत लावलेल्या मर्यादवेलीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि परसात लावली. आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

सासूनं, हरणाबाईनं, टोकाला मधोमध दुभंगलेलं पान उलटंसुलटं करून पाहिलं. "आगं बया, ह्यो तर शेळीचा खूर! आमच्यातलीच हाय की ही."

"आत्या, फूल आलं की बघा तुम्ही. जांभळं, कपाएवढं. दुपारी मिटतं."

हरणाबाईचा जन्म मेंढरांमागं गेलेला. ज्या रानात मेंढरं बसली ते रान पिकलं, एवढं तिला ठाऊक. भाऊ कोंडीबाची मेंढरं जवळच्या माळावर उतरली होती. सून पहिल्या पाळीला कारखान्यात गेली, की ती पाटीभर लेंड्या आणून वेलीच्या बुडात ओतायची, वर दोन तांबे पाणी.

"खा बाय. परक्या मुलखात आलीस, पोटाला कमी पडू न्हाई."

वेल आधी तरारली. मग पानं पिवळी पडली, देठ काळवंडले. प्रांजल कामावरून आली की चप्पलसुद्धा न काढता तिथंच जाऊन बसायची.

"हिला इथलं मानवेना, आत्या. आता आईचं काहीच राहणार नाही."

हरणाबाईनं बुडाची माती बोटानं उकरून पाहिली; मुळं काळी पडली होती. रविवारी ती बाजरी निवडत बसली. सरळ सांगायला जीभ उचलेना, तेव्हा सुपाकडं बघतच तिनं ओवी धरली:

"येल दर्याची आणली, सुनंनं गं माझ्या दारी
माया उतू गेली माजी, मुळं जाळली गं सारी"

कपडे वाळत घालणाऱ्या प्रांजलचे हात थांबले. "काय घातलंत, आत्या?"

"लेंडीखत. पाटीभर."

"रोज?"

"भुकी ऱ्हायली आसती तर?"

हसावं की रडावं, प्रांजलला कळेना. ती वेलीपाशी बसून माती उकरू लागली. "तिला उपाशीच ठेवायचं असतं. नुसती वाळू लागते."

"कसल्या गं तुमच्याकडच्या येली!" म्हणत हरणाबाई उठली आणि शेजारच्या बांधकामावरून दोन पाट्या वाळू मागून घेऊन आली. "मीठ टाकू का? मेंढरास्नी चाटवतो आमी."

"नको! काहीच नको!"

बुडाचं सगळं कुजलं होतं. टोकाची वीतभर फांदी तेवढी हिरवी, तिच्या पेराला दोन पांढरी मुळं. प्रांजलनं ती वाळूत धरली.

"दाबा, आत्या."

"नगं. माज्या हाताचं मलाच भ्या वाटतंय."

"हलक्या हातानं दाबा."

पंधरवड्यानं टोकाला घडी पडलेलं नवं पान फुटलं. हरणाबाई तांब्या घेऊन उभीच.

"आज घालू का गं? वाटीभर?"

"उद्या."

"बरं. उद्या."