फोस्कासाठी लिहिलेली वही

माझी थोरली बहीण फोस्का समोरच्याच दारात राहते. मधे फक्त जिना. दोघी एकट्या, कुणी पडलं-झडलं तर दुसरीला आत येता यावं म्हणून माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. त्या किल्लीचा ती काय उपयोग करते, ते मला गेल्या वर्षी फेब्रुवारीत बेकरीच्या रांगेत कळलं.

माझ्यापुढे चार बायका होत्या, त्यांच्यापुढे फोस्का. तिने मला पाहिलं नव्हतं.

"आमच्या झेलिंदाला म्हणे त्याच्या हातांना येणारा तेलाचा वास आवडतो," ती सांगत होती. "मशीनच्या तेलाचा. एकसष्ट वर्षांची घोडी झाली."

बायका खिदळल्या. हे वाक्य मी कुणापाशी बोलले नव्हते. फक्त माझ्या रोजच्या वहीत लिहिलं होतं. तो म्हणजे दुईलियो, शिलाई मशिनी दुरुस्त करणारा, बायको जाऊन सहा वर्षं झालेला. दर गुरुवारी आम्ही नदीकाठाने चालायला जायचो. त्यापलीकडे काही नव्हतं, पण होईल असं मला वाटत होतं. आठवड्याभरात दारूच्या गुत्त्यावर लोक त्याला म्हणायला लागले, "दुईलियो, हात दे की हुंगायला." पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्यानंतर रस्त्यात दिसलाच, तर मान खाली घालून पलीकडच्या बाजूला जायचा. जूनमध्ये तो गाव सोडून लेकीकडे लिव्होर्नोला गेला, कायमचा.

फोस्काला मी चकार शब्दाने बोलले नाही. भांडले असते तर ती रडली असती, सगळ्यांनी तिचीच समजूत घातली असती, आणि वाईट मी ठरले असते. लहानपणापासून हेच होत आलंय. मी वही चुलीत घातली आणि दात-ओठ खात गप्प बसले. पण लिहिण्याची सवय सुटली की माणूस आतून तुंबतं. मला तसं व्हायला लागलं.

दुईलियो गेला त्याच आठवड्यात मी ओरेस्तेकडे पिशवीचा पट्टा शिवून घ्यायला गेले. आम्ही दोघांनी तीस वर्षं एकाच कारखान्यात कातडी कमावली. आता तो आपल्या दुकानात पाकिटं, पट्टे शिवतो. त्याने माझ्यापुढे एक तपकिरी कातडी वेष्टण ठेवलं. आत वही, ती मधल्या रबरी दोरीत अडकवलेली.

"हे जन्मभर टिकेल," तो म्हणाला. "वही भरली की काढायची, नवी घालायची." त्याने एका बोटाने वही ओढून काढली, दुसरी सरकवली. वेष्टण होतं तसंच दिसत होतं.

"म्हणजे आत कुठली वही आहे, ते बाहेरून कळायचं नाही?"

"कातड्याला जीभ नसते, बाई."

मी वेष्टण घेतलं आणि वह्या दोन घेतल्या.

"पहिलं पान कोरं ठेवून बघत बसू नकोस," ओरेस्तेने बजावलं. "काहीतरी फालतू लिही, चार रेघोट्या मार. भीती जाते. मग रोज एकाच वेळी चार ओळी. जास्त नाही. कातडं पहिल्यांदा ताठ असतं, हाताने मऊ पडतं."

दुसऱ्या दिवसापासून सकाळची कॉफी झाली की मी बसायला लागले. एका वहीत खरं लिहायचे आणि ती पिठाच्या डब्यात, पिठाच्या पिशवीखाली ठेवायचे. दुसरी वेष्टणात घालून स्वयंपाकघराच्या टेबलावर. ती फोस्काची.

फोस्काच्या वहीत दोन महिने मी एकही खोटा शब्द लिहिला नाही. टोमॅटो महागले, गुडघा दुखला, शेजारणीचं मांजर पुन्हा जिन्यात मुतलं. बुधवारी आणि शनिवारी बाजारात जाताना पानांत एक केस ठेवायचे. परत आले की केस नसायचा. खऱ्या वहीत मी तेवढीच नोंद करायचे: आली होती.

ऑगस्टच्या शेवटी मी तिच्या वहीत लिहिलं: "दरवर्षी निशाण धरणाऱ्या आर्जियाचा खुबा बिघडलाय. फादर सिल्वानो म्हणाले, यंदा मरियामातेच्या मिरवणुकीत निशाण फोस्का धरेल. आयत्या वेळी सांगणार आहेत, मला गप्प राहायला बजावलंय. खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखलं."

शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याच्यावरच तिचा विश्वास बसणार होता.

फोस्काने निळा पोशाख शिवायला टाकला. केस रंगवले. तोरिनोहून मुलाला आणि सुनेला बोलावून घेतलं. खाटकाकडे म्हणाली, "सांगत नाही, पण यंदा बघालच." आठ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे मिरवणुकीच्या दिवसापर्यंत, गावातल्या प्रत्येकाला ती न सांगितलेली गोष्ट माहीत झाली होती.

त्या दिवशी चर्चमध्ये ती थेट पुढे गेली आणि निशाणाच्या काठीला हात घातला. तेवढ्यात आर्जिया आली, तुरुतुरु चालत, पांढरे हातमोजे घालून.

"फोस्काबाई, काय झालं?" फादरांनी विचारलं. "जागा चुकलात का?"

"फादर, तुम्हीच तर..."

"मी काय?"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. कुठून कळलं हे सांगायचं, तर किल्ली, टेबल, वही सगळंच भर चर्चमध्ये सांगावं लागलं असतं. तिने तोंड मिटलं. आर्जियाने तिची बोटं एकेक करून काठीवरून सोडवली. मागे कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सुनेने रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मी हसले नाही. मी नुसती बघत राहिले, आणि मला ते फार गोड लागलं.

तीन दिवसांनी तिने माझं दार वाजवलं. साठ वर्षांत पहिल्यांदा.

"तू खोटं लिहिलंस," ती म्हणाली.

"कुठे?"

"माझी लाज काढलीस, झेलिंदा. पोराच्या देखत."

"दुईलियोने गाव सोडलं."

किल्ली टेबलावर ठेवून ती निघून गेली. आता जिन्यात भेटलो की आम्ही हवापाण्याचं बोलतो. बेकरीत ती दुपारी जाते, रांग नसते तेव्हा.

फादरांचं नाव घेऊन खोटं लिहिलं, हे मात्र मनाला लागलं होतं. ऑक्टोबरात मी चर्चमध्ये जाऊन फादरांपाशी पापाची कबुली दिली. जाळीपलीकडून त्यांनी एवढंच विचारलं.

"पश्चात्ताप होतोय?"

"तुमचं नाव वापरल्याचा होतोय, फादर."

"आणि बहिणीची फजिती केल्याचा?"

देवापुढे तरी खोटं बोलायचं नव्हतं. "नाही."

"मग होईल तेव्हा ये," ते म्हणाले.

नाताळ झाला, ईस्टरही होऊन गेला. मी अजून गेलेले नाही.