पेटी तुमची, आतलं आमचं

मी एक जुना मोबाईल स्टार्टर आहे. आळे गावच्या शिवारात, उसाला लागून असलेल्या विहिरीवर एका लोखंडी पेटीत मी राहतो. जुना म्हणालो खरा, पण माझी एक तारही सैल झालेली नाही. मला म्हातारा ठरवलं ते एका दूरच्या कंपनीने. त्याचीच ही हकिगत आहे, मित्रांनो.

आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. रात्रीच्या आठवड्यात मोटार चालू करायला अंधारात विहिरीवर जावं लागतं, आणि उसात बिबट्या असतो. माझा मालक सुदर्शन. त्याच्या शेजाऱ्याचं वासरू बिबट्याने ओढून नेलं, तेव्हा त्याची आई कोंडाबाई म्हणाली, "फोनवरनं मोटार चालू व्हती ते येत्र आन बाबा. तू येईस्तवर मला झोप लागत न्हाई." म्हणून मी या घरी आलो.

मला बसवलं त्या दिवशी हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. नव्या यंत्राचं पहिलं बटण घरातल्या थोरल्या माणसाने दाबायचं, ही या घरची रीत. सुदर्शनने फोन पुढे केला. पडद्यावर इंग्रजीतला लांबलचक मजकूर होता आणि खाली 'मान्य आहे' असा चौकोन. मजकूर वाचायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. "आये, हितं बोट लाव." कोंडाबाईने पदराला बोट पुसून चौकोनावर टेकवलं. मोटार घरघरली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही भाव खाऊन घेतला.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. सुदर्शनने अंथरुणात कूस बदलत हुकूम सोडायचा आणि मी मोटार सुरू करायची. वीज गेली, विहिरीचं पाणी तळाला गेलं, की मी लगेच त्याला कळवायचो. कोंडाबाई आल्यागेल्याला पेटी दाखवून सांगायची, "लई गुनाचा हाय." ते ऐकून मी पावसाळ्यात पेटीत गळणारं पाणीही मुकाट सोसायचो.

एके दिवशी हुकूम आलाच नाही. कंपनीने नवा स्टार्टर बाजारात आणला होता आणि आम्हा जुन्यांचं सॉफ्टवेअर बंद करून टाकलं होतं. सुदर्शनने माझ्या पेटीवर हात ठेवूनच कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पेटी तुमची आहे, पण आतलं सॉफ्टवेअर आमचं. तुम्हाला ते फक्त वापरायला दिलं होतं. आम्ही सेवा कधीही बंद करू शकतो, हे तुम्ही मान्य केलंय."

"आवो म्याडम, बैल इकायचा आन त्याची चाल ठिवून घ्यायची, असा येव्हार असतो का कुटं?"

फोन बंद झाला होता. त्याची बायको वृषाली म्हणाली, "जाऊ द्या, नवा घ्या."

"चांगला चालता स्टार्टर भंगारात घालू व्हय? ग्राहक आयोगात तक्रार करतो. तवर येत जाईन की रातचा हितं."

त्याने तक्रार केली. मला त्याचा फार अभिमान वाटला. आज वाटतं, त्याने मला तेव्हाच भंगारात घातलं असतं तर बरं झालं असतं.

एका पहाटे वीज आली. सुदर्शन बॅटरी घेऊन आला, त्याने पेटीतलं हिरवं बटण दाबलं आणि पाईपचा व्हॉल्व्ह फिरवायला खाली वाकला. उसातून बिबट्या आला. वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं. सुदर्शनने हाका मारल्या, पण मोटारीच्या आवाजात त्या घरापर्यंत पोचल्या नाहीत. मी हातभर अंतरावर होतो, मित्रांनो, आणि काहीही करू शकलो नाही.

सुदर्शन गेला, पण तक्रार वृषालीने पुढे चालवली. मला पिशवीत घालून तिने पुण्याला आयोगापुढे नेलं. कोंडाबाई बरोबर होती. कंपनीचा वकील म्हणाला, "करार मान्य केलेला आहे. त्यात लिहिल्याप्रमाणे हा वाद आमच्या शहरातल्या लवादापुढेच चालेल."

कोंडाबाई उभी राहिली. "बोट माझं व्हतं, सायेब. मला लिवता-वाचता येत न्हाई. म्या मोटार चालू केली. माझ्या लेकाला अंधारात धाडायला म्या कवा हो म्हनलं?"

पुढे निकाल लागला. एकतर्फी अटींवर बोट टेकवलं म्हणून कायद्याने दिलेला ग्राहकाचा हक्क बुडत नाही, असं आयोगाने सांगितलं आणि माझी सेवा पुन्हा सुरू करायचा हुकूम दिला.

मी विहिरीवर परतलो. वृषालीने ओट्यावरून फोन केला, मोटार सुरू झाली, कांद्याला पाणी गेलं. लोक म्हणाले, "जिंकला राव तुमी." मला मात्र जिंकल्यासारखं काही वाटत नाही.

मित्रांनो, वस्तू विकत घेताना तिच्यातलं काय आपलं होणार नाही, ते आधी विचारा. न विचारता मान्य केलंत तरी दबून राहू नका; हक्क मागा. पण तो मिळेपर्यंत आपल्या माणसाला धोक्यात पाठवू नका.

काल दुपारी कोंडाबाई एकटीच विहिरीवर आली. माझी पेटी उघडून ती बराच वेळ आतल्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुला हुकमानं जितं केलं रं. माझ्या सुदर्शनला जितं करायचा हुकूम कोन दील?"